भेग कुठे पडली

१२ फेब्रुवारी, सोमवार

दातांच्या लॅबच्या मालकांनी नवीन वर्षाची भेट म्हणून दिलेली वही आहे ही. प्रत्येक पानाच्या तळाला हसऱ्या दातांचं चित्र. माझी सध्याची अवस्था बघता थट्टाच म्हणायची. आजवर सिनेमांबद्दल लिहायला मला वह्या पुरायच्या नाहीत, आता घराबद्दल लिहायला बसलोय.

मुलगी वीस दिवस कामावर गेलेली नाही. तेवीस वर्षांची आहे, वाचनालयात काउंटरवर असते. आम्ही तिला बुटकी म्हणतो, कारण दहाव्या वर्षापर्यंत ती वर्गात सगळ्यात बुटकी होती. आता माझ्याहून दोन बोटं उंच आहे. वीस दिवसांपूर्वी तिने डबा भरला, केस विंचरले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून एक बूट घातला. दुसरा घातलाच नाही. मी निघताना म्हणालो, “अगं, उशीर होईल तुला.” ती म्हणाली, “हो.” दुपारी बायको शाळेतून शिकवून आली तेव्हा बुटकी तिथेच बसलेली होती, एका बुटात.

तेव्हापासून ती तिच्या खोलीत आहे. बोलते, पण विचारलं तेवढंच. खाते, पण दोन घास. काय झालं विचारलं की म्हणते, काही नाही.

मी तीस वर्षं कवळ्या बनवतोय आणि तीस वर्षं एकाच जातीचे सिनेमे बघतोय. माणूस आतून कसा मोडतो, ते दाखवणारे. बायको त्यांना रडके सिनेमे म्हणते आणि तिथेच चुकते. रडारड असलेला सिनेमा मी अर्ध्यात बंद करतो. माणूस रडत नाही, शांतपणे भांडी घासत राहतो आणि आपल्याला खुर्चीतून उठवत नाही, तो सिनेमा खरा. या विषयात मला कळतं असं चार लोक म्हणतात. आणि आज भिंतीपलीकडे माझी पोर पडून आहे आणि मला काडीचं कळत नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरकडे नेलं. बाई आहेत, चाळिशीच्या, आवाज बसलेला. बुटकीशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. नैराश्य म्हणाल्या. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. गोळ्या तुमच्याकडे ठेवा, तिच्या हातात देऊ नका. तिला घरात एकटं ठेवू नका.

मी विचारलं, “पण झालं कशामुळे?”

म्हणाल्या, “एकच कारण असेलच असं नाही. पुष्कळदा नसतंच.”

असं कसं नसतं? दात किडला तर त्यालाही कारण असतं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. मध्येच एकदम बरी वाटायला लागली, हसायला-बोलायला लागली, तर खूश होऊन गप्प बसू नका, मला लगेच फोन करा. हे मला काही झेपलं नाही. बरी झाली तर फोन कशाला? पण बायकोने लिहून घेतलं.

आम्ही पाळ्या लावल्यात. सकाळी मी घरी, दुपारी बायको. लॅबला मी दुपारी जातो. मालक भले आहेत, चालवून घेतात.

१८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी दुपारी पडदे ओढून सिनेमा, हा आमचा नियम, ती पंधरा वर्षांची झाली तेव्हापासूनचा. आणि सिनेमा संपला की भेग. हा खेळ मीच काढलेला. माणूस मोडतो त्याला एक जागा असते, एक प्रसंग, तिथून तडा जातो. तो कुठला, हे दोघांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. तिचं बरोबर यायचं बहुतेक वेळा. सोळाव्या वर्षी ती मला म्हणाली होती, “बाबा, तू चेहरे बघतोस. हात बघत जा.” मी महिनाभर लॅबमध्ये सगळ्यांना हे सांगत फिरत होतो.

आज दार वाजवलं. “येतेस? शिंपिणीचा आहे. नवरा गेल्यावर त्याचे सदरे एकेक टाका उसवत बसते.”

“तू बघ.”

एकट्याने बघितला. चांगला आहे. भेग चाळिसाव्या मिनिटाला, सदऱ्याच्या खिशात तिला स्वतःचंच हरवलेलं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं टोपण, सापडतं तिथे. दहापैकी आठ. दोन गुण संगीताने घालवले.

आम्ही शेवटचा एकत्र बघितला तो जानेवारीत. एक पोस्टमन एके दिवशी अंथरुणातून उठतच नाही, शेवटपर्यंत उठत नाही, आणि का ते दिग्दर्शक सांगतच नाही. मी दोन गुण दिले. कारण न देणारा दिग्दर्शक लबाड असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेक्षकाला अंधारात ढकलायचं आणि त्याला खोली म्हणायचं. बुटकीची चिठ्ठी कोरी होती आणि तिने दहापैकी दहा दिले. मी म्हणालो, पोरकटपणा आहे. ती पडदे उघडायला उठली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

झोपेत दात खाते म्हणून तिच्यासाठी रात्री दातांवर बसवायची पट्टी करायला घेतली. तिचं माप घेतलं. तोंड उघड म्हटल्यावर तिने लहानपणीसारखं उघडलं, डोळे मिटून. माप दोनदा घ्यावं लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

लॅबमध्ये प्लास्टरचा साचा सुकल्यावर दिव्याखाली धरला. दाढा सपाट झाल्यात. साठीच्या माणसाच्या असतात तशा. असं झिजायला वर्षं लागतात, हे मी कुणालाही डोळे झाकून सांगेन. वर्षं. मी साचा फडक्यात गुंडाळून खणात ठेवला.

वर्षं कशी असतील? घरात हसती-खेळती होती. पोर जात्याच जोरात चावणारी असेल. काहीतरी यंदाच घडलंय. ते शोधायला हवं, बस.

२१ फेब्रुवारी, बुधवार

वाचनालयाच्या प्रमुखबाईंना जाऊन भेटलो. कुणी तिला बोललं का, कुणी त्रास दिला का, खोदून खोदून विचारलं. बाई आधी हळहळल्या, मग कंटाळल्या, मग म्हणाल्या, “तुम्ही माझ्यावर आळ घेताय का?” खरं सांगायचं तर तेव्हा मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. पेनचं टोपण काढघाल करत होत्या. मला वाटलं, इथेच आहे.

तिथे काही नव्हतं. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण बाहेरपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “काका, ती मला नेहमी सांगायची की ती फार दमते.” मी विचारलं, “कशाने?” ती म्हणाली, “नुसती दमते.” एवढंसुद्धा धड सांगता येत नाही या मुलांना.

घरी बायको तापली. “पोलीस आहात का तुम्ही? तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन तमाशा करून आलात. उद्या तिला परत जायचंय तिथे.” मी म्हणालो, कारण कळल्याशिवाय इलाज कसा करणार? ती म्हणाली, “तिला भूक लागत नाहीये, झोप लागत नाहीये. त्याच्यापाशी बसा की जरा.” बसून काय होणार आहे? बसायला तिचं काय जातंय.

नाही, हे चुकीचं लिहिलं. ती रोज दुपारी पोरीपाशी बसते, तिच्या पायांना तेल लावते आणि शाळेतल्या गमती सांगते. मला ते जमत नाही. मी बसलो की पाच मिनिटांत विचारायला लागतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

विचारलंच. सकाळभर. पलंगाच्या कडेला खुर्ची ओढून बसलो आणि एकेक वर्ष घेतलं. शाळा. ती नापास झालेली परीक्षा. मामाशी झालेलं भांडण. तो एक मुलगा, जो दोनदा घरी चहाला येऊन गेला. माझं काही चुकलं का? आईचं? कुणी हात लावला का?

ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. चिडून नाही, चांगुलपणाने. शेवटी म्हणाली, “बाबा, मला खरंच सापडत नाहीये. मीपण शोधते ना.”

“मग आणखी शोध.”

असं बोललो मी. लिहून ठेवतो, कारण बायको विचारेल तेव्हा खोटं बोलायला नको.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी वाटी भात. झोप नाही. मला रडू आलं ते लॅबमध्ये, एका म्हातारबुवांच्या कवळीला रंगाची छटा लावताना. मालक म्हणाले घरी जा. घरी जाऊन काय करू?

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं.

आज सकाळी तिनेच हाक मारली. उठून बसली होती, उशी पाठीला घेऊन. म्हणाली, “बाबा, सांगते. पण आईला आत्ता नको.”

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी ती स्कूटरवरून घरी येत होती. पुलाच्या उतारावर एक बाई मध्ये आली. धक्का लागला. बाई पडली. ही थांबली, मागे बघितलं, आणि निघून आली. बाई हलत नव्हती. तिच्या एका पायातली चप्पल रस्त्याच्या मधोमध सुलटी पडली होती, कुणी दाराबाहेर काढून ठेवावी तशी.

सुलटी! असा तपशील कुणाला बनवून सांगता येत नाही. सांगताना ती भिंतीकडे बघत होती, आवाज सपाट, दोन्ही हात मांडीवर उताणे. मी तिला जवळ घेतलं. वाईट आहे, भयंकर आहे, पण देवा, निदान काहीतरी आहे. दीड महिना पोर हे एकटी घेऊन बसली होती. मी म्हणालो, “आता माझ्यावर सोड. मी बघतो.” ती म्हणाली, “हो. आता तू दमू नकोस.”

१ मार्च, शुक्रवार

कमाल आहे. रात्रभर झोपली. सकाळी आंघोळ करून बाहेर आली, माझ्याबरोबर टेबलाशी बसून अंडं खाल्लं, पाव खाल्ला. बायको तोंडावर पदर धरून आत निघून गेली.

सिनेमात कबुलीनंतर माणूस लगेच बरा झाला की मी दोन गुण कापायचो. दिग्दर्शकाला घाई झालीय म्हणायचो. ते सगळे गुण परत करायला हवेत. घडतं तसं. मी बघतोय ना.

बायको म्हणाली डॉक्टरांना फोन करू, त्यांनी सांगितलं होतं. मी म्हणालो, सोमवारी करू. मला आधी त्या बाईचं काय झालं ते बघायचंय. हे अर्थात मनात.

२ मार्च, शनिवार

बुटकीने कपाट आवरलं. जुने कपडे, पुस्तकं, सगळ्याचे नीट ढीग लावले. मैत्रिणीला बोलावून तिला तो निळा कोट देऊन टाकला, जो ती कुणाला हात लावू द्यायची नाही. आईच्या फोनमध्ये बिलं कशी भरायची ते तिला कागदावर लिहून दिलं. मला म्हणाली, “बाबा, तुझ्या सिनेमांच्या वह्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्यात.” किती दिवसांनी घरात कुणी काही आवरलं. मन मोकळं झालं की हातही मोकळे होतात. मी लॅबमध्ये सगळ्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली.

पुलाजवळच्या दवाखान्यात चौकशी केली. त्या तारखेला तशी कुणी बाई आलेली नाही. दुसऱ्या दवाखान्यात सोमवारी बघतो.

५ मार्च, मंगळवार. हॉस्पिटल.

जिवंत आहे.

आधी हे लिहिलं. आता बाकीचं.

काल सकाळी माझी पाळी होती. मी तिला म्हणालो, “दोन तासांत येतो, तुझंच काम आहे.” ती म्हणाली, “जा ना, मी बरी आहे.” दारापर्यंत आली. माझी कॉलर सारखी केली.

दुसऱ्या दवाखान्यात काही मिळालं नाही. पुलाच्या उतारावरच्या दुकानदारांना विचारत फिरलो. किल्लीवाला, फुलवाली, झेरॉक्सवाला. कुणी काही बघितलेलं नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, “साहेब, इथे नुसती सायकल घसरली तरी आम्ही दहा जण धावतो.” मग स्कूटरवर काही खूण असेल म्हणून आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. पुढच्या बाजूला काही दुरुस्ती केलीस का, विचारलं. त्याने वही काढली. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर, बोट ओळींवरून खाली नेत गेला. म्हणाला, “जानेवारीत पाच ते तेरा गाडी माझ्याकडेच होती. भाग येत नव्हता. ताई बसने जात होत्या.”

त्या सोमवारी, आठ तारखेला, स्कूटर गॅरेजात होती.

मी हसलो. गॅरेजच्या दारात उभा राहून मोठ्याने हसलो, इतकं हलकं वाटलं. कुणी मेलं नव्हतं, कुणी पडलं नव्हतं, तिला भास झाला असणार. घरी जाऊन हे सांगितलं की संपलं. गॅरेजवाल्याने मला पाणी दिलं. खिशात हात घातला तर फोनवर बायकोचे चौदा कॉल.

तिला शाळेत करमेना म्हणून ती मधल्या सुट्टीत घरी आली होती. नुसतीच आली, काही ठरवून नाही. दार फोडलं ते समोरच्या बिऱ्हाडाने. गोळ्या आमच्या कपाटात होत्या आणि किल्ली मी टेबलावर विसरलो होतो. मी.

६ मार्च, बुधवार

डॉक्टरबाई आल्या. मी त्यांना चपलेपर्यंत सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, “शुक्रवारपासून बरी होती ना?” मी हो म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायको माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही, चहा आणून देते, बोलत नाही.

८ मार्च, शुक्रवार

आज ती नीट जागी होती. बायको औषधं आणायला खाली गेली. मी ठरवलं होतं, विचारायचं नाही. तिनेच विचारलं.

“गाडी गॅरेजात होती ना? मी विसरलेच.”

मी मान हलवली.

“चप्पल बरी होती?”

मी म्हणालो, “का गं? का केलंस असं?” आणि तो प्रश्न तोंडातून बाहेर पडताच जीभ चावावीशी वाटली, पण गेला होता.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “मी गेल्यावर तू आयुष्यभर शोधत बसला असतास, बाबा. प्रत्येकाला विचारत. आईला, वाचनालयातल्या बाईंना, त्या मुलाला. मला ते दिसत होतं. म्हणून तुला एक देऊन ठेवलं. तुला पटेल असं.”

मी तिचा हात धरला होता. तो मी सोडला नाही, एवढंच मला माझ्याबद्दल बरं लिहिता येईल. मरायला निघालेली पोर बसून माझ्यासाठी कारण रचत होती. ते चांगलं असावं म्हणून तिने मेहनत घेतली होती. आणि मी त्याला मनातल्या मनात गुण दिले होते. किती, तेही मला आठवतं. ते मी इथे लिहिणार नाही.

मी म्हणालो, “माझं चुकलं.”

ती म्हणाली, “नको ना. आता हे नको धरूस. हेपण कारण नाहीये.”

११ मार्च, सोमवार

बायको बोलली. जिन्यात. म्हणाली, “मला शनिवारीच वाटलं होतं. तो कोट दिला तेव्हा. मी तुमचं ऐकलं.” मग भिंतीला टेकून पायरीवर बसली आणि मीही बसलो. लोक आम्हाला ओलांडून वर जात होते. ती म्हणाली, “तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पण आता दोघंही पडलो तर तिला कोण बघणार.” मी म्हणालो, बरं.

१७ मार्च, रविवार

घरी आणलं. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या बदलल्यात, वेळ लागेल, महिने लागतील, पुन्हा खाली जाईल, पुन्हा वर येईल. तुम्ही फक्त तीन गोष्टी लिहा. झोप, खाणं, गोळी. मी विचारलं नाही की बाकीचं कोण लिहिणार.

झोप: तीन तास. खाणं: एक पोळी, थोडं दूध. गोळी: घेतली, बायकोच्या हातून.

दुपारी सगळं घर शांत झालं. मी तिच्या खोलीत गेलो. खुर्ची घेतली नाही, जमिनीवर बसलो, पलंगाला पाठ लावून, म्हणजे तोंड दिसायला नको आणि विचारायला नको. भीती इतकी वाटत होती की तिचा श्वास मोजत होतो. मध्ये एकदा तो ऐकू आला नाही आणि मी वळलो, तर ती माझ्याकडेच बघत होती.

“काय बघतोयस?”

“तुला.”

“काही कळतंय?”

मी खरं तेच सांगितलं. “नाही गं. काहीच कळत नाहीये.”

ती जरा भिंतीकडे सरकली. पलंगावर एका माणसापुरती जागा झाली.

“मग ये,” म्हणाली, “इथे बस.”